एअर पिस्तुलातून पॉइंट टू-टूकडे: एका खरेदीचं प्रकरण

खेळाडू २२ वर्षांची, कोथरूडची, उजव्या हाताची, चष्मा लावणारी. दहा मीटर एअर पिस्तुलात साठ शॉट्सना तिचा स्कोअर ६०० पैकी ५५५ ते ५६२ च्या दरम्यान पडायचा. एवढ्यावर राज्य स्पर्धेत यादीत नाव दिसतं, पण वरच्या फळीत शिरता येत नाही. वर्षभरापासून ती २५ मीटर स्पोर्ट पिस्तूलही मारत होती, अकादमीच्या सामायिक .२२ (पॉइंट टू-टू) पिस्तुलावर. ते पिस्तूल तिघींच्या हातात फिरायचं. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेमाच्या, तीस शॉट्सना ३०० पैकी २७५ च्या आसपास, रॅपिडच्या, म्हणजे झटपट नेमाच्या, तीस शॉट्सना जेमतेम २६०. मग एका रविवारी तिचे बाबा रेंजवर आले आणि मला, तिच्या प्रशिक्षिकेला, म्हणाले, “मॅडम, हिला एकदाचं स्वतःचं पिस्तूल घेऊन टाकू. कोणतं घ्यायचं तेवढं सांगा.”

तेवढं सांगेपर्यंत पावसाळा आणि दिवाळी दोन्ही उलटली. त्यातला बराचसा वेळ कागदांनी खाल्ला. पण कागदांची वाट बघताना जे हाती लागलं त्यानेच शेवटी निवड ठरली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

खेळ काय मागतो

बाबांना पिस्तूल म्हणजे पिस्तूल वाटत होतं, त्यामुळे सुरुवात नियमांपासून करावी लागली. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ एलआर (लाँग रायफल) काडतूस लागतं. ट्रिगर ओढायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर, आणि अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. एका हाताने, मनगटाला कसलाही आधार न देता मारायचं.

तीस शॉट्स प्रिसिजनचे असतात: पाच-पाचच्या सहा सीरिज, प्रत्येक सीरिजला पाच मिनिटं. उरलेले तीस रॅपिडचे. टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं, पुन्हा तीन सेकंद दिसतं. प्रत्येक वेळी हात खालून ४५ अंशांतून उचलायचा आणि एकच गोळी मारायची. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं, रॅपिडच्या टार्गेटवर १०० मिलिमीटरचं.

साइटमधल्या त्या २२० मिलिमीटरचा हिशेब मी बाबांना कागदावर करून दाखवला, कारण ते इंजिनिअर आहेत आणि आकड्यांशिवाय त्यांचं समाधान होत नाही. फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेत पाव मिलिमीटर बाजूला सरकली, तर २५ मीटरवर गोळी साधारण २८ मिलिमीटर बाजूला जाते. म्हणजे दहाच्या थेट रेघेवर. पाव मिलिमीटर! नखाच्या जाडीपेक्षाही कमी. नळी कितीही अचूक असली तरी ही चूक ती भरून काढत नाही. ही चूक हात करतो, आणि हात ती का करतो याचं उत्तर बहुतेक वेळा मुठीत असतं. मूठ म्हणजे ग्रिप, पिस्तुलाची लाकडी मूठ. बाबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, “मग नळीचे पैसे कशाला द्यायचे?” प्रश्न बरोबर होता, उत्तर पुढे येईल.

दुकानातली .३२ आणि यूट्यूबवरची पिस्तुलं

बाबांचा पहिला प्रस्ताव होता .३२ चा. आयुध निर्माण कारखान्यांत तयार होणारं .३२ पिस्तूल परवानाधारकाला रीतसर मिळतं, कागद तुलनेने सरळ, आणि “घरात संरक्षणालाही होईल की.” हा प्रस्ताव तीन कारणांनी बाद झाला. एक, मुलीच्या प्रकारात .२२ शिवाय दुसरं काही चालत नाही. दोन, सेंटर-फायर प्रकारात जे .३२ मारतात ते स्मिथ अँड वेसन लाँग जातीचं, सपाट तोंडाच्या वॉडकटर गोळीचं. दुकानातलं पिस्तूल .३२ एसीपीचं. नावातला आकडा तोच, काडतूस वेगळं. तीन, आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं: खेळाचं हत्यार कपाटात कुलूपबंद, काडतुसं वेगळी कुलूपबंद, आणि रात्रीअपरात्री ते काढण्याचा विचार डोक्यातही यायचा नाही. हे ज्या घराला पटत नाही त्या घरच्या मुलाला मी एअर पिस्तुलाच्या पुढे नेत नाही. बाबांना पटलं.

दुसरा प्रस्ताव यूट्यूबचा. तिथे रूगर मार्क फोर, ब्राउनिंग बक मार्क, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ यांची तासन्‌तास तुलना चालते. अमेरिकेत रेंजवर .२२ मारणाऱ्यासाठी ती चांगली हत्यारं आहेतच. पण ते लोक दुकानात जाऊन घेतात आणि पटलं नाही तर विकून टाकतात. आपल्याकडे आयात मोकळी नाही. ‘रिनाउन्ड शॉट’ ठरलेला खेळाडू, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत राष्ट्रीय रायफल असोसिएशनने ठरवलेला पात्रता स्कोअर मारलेला, बाहेरून पिस्तूल मागवू शकतो. बाकीच्यांनी आपल्याच देशातल्या खेळाडूंकडून वापरलेलं घ्यायचं. त्यामुळे “सर्वांत चांगलं कोणतं” या प्रश्नाला इथे फारसा अर्थ उरत नाही. कोण विकतंय, आणि त्याच्याकडचं हत्यार कोणत्या अवस्थेत आहे, इथूनच सुरुवात करावी लागते. ९ मिलिमीटरचं तर नावच काढायचं नाही, तो सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) आहे.

कागद

कागदांचं थोडक्यात सांगते, कारण कंटाळवाणं असलं तरी पिस्तूल पसंत करण्याआधी हे ठाऊक असायला हवं.

दहा मीटरच्या .१७७ एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, त्यामुळे घरात कोणालाच सवय नव्हती. .२२ ला शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू होतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. पुण्यात इथे एक गंमत आहे. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडला वेगळं आयुक्तालय झालं, त्यामुळे बाणेर-बालेवाडीत राहणारा एका दारात अर्ज करतो आणि वाकड-हिंजवडीचा दुसऱ्या. भाड्याचं घर बदलताना शूटरने हे ध्यानात ठेवलेलं बरं. अर्जासोबत शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. मग पोलीस ठाण्याची चौकशी, शेजाऱ्यांकडे विचारणा, आणि वाट बघणं.

दोन गोष्टी लोक विसरतात. पहिली, परवान्याची हद्द. राष्ट्रीय स्पर्धा दिल्लीला किंवा भोपाळला असते. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असला तर पिस्तूल पुण्यात आणि खेळाडू भोपाळात अशी स्थिती होते. हद्द अर्जातच संपूर्ण भारताची मागावी. दुसरी, विक्रीची मुदत. स्वतःच्या वापरातलं हत्यार विकताना मालकाला जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. कायद्याचं कलम ५ आहे हे. त्यामुळे “आज बयाणा, उद्या पिस्तूल” असं कोणी म्हणालं की तिथून उठून यायचं. आयातीत सवलत घेतलेलं हत्यार असेल तर त्या सवलतीच्या कागदावर विक्रीबद्दल काय अटी आहेत तेही आधी वाचून घ्यायचं.

दोन उमेदवार

परवान्याची फाइल फिरत असताना ओळखीपाळखीतून दोन पिस्तुलं समोर आली.

एक वॉल्थर जीएसपी. जर्मन, आराखडा १९६० च्या दशकाच्या अखेरचा. मालक निवृत्त, पश्चिम महाराष्ट्रातले, हत्यार देवघरातल्या समईसारखं जपलेलं. मॅगझिन (काडतुसांची पेटी) ट्रिगरच्या पुढे, त्यामुळे वजन हाताच्या पुढे झुकलेलं. सगळं मिळून १२०० ग्रॅमच्या थोडं खाली. नळी १०७ मिलिमीटरची, आखूड. बोल्ट (काडतूस भरणारा सरकता भाग) आत सरकतो, साइट न हलणाऱ्या अंगावर बसलेली. ट्रिगरचा अख्खा संच एका खोक्यासारखा बाहेर निघतो, आणि या मालकांकडे असे दोन संच होते. शिवाय मॅगझिनं भरपूर, बफर, स्प्रिंगा, मूळ चाव्या, सगळं एका पत्र्याच्या डब्यात नावं लिहून. ग्रिप मात्र मोठ्या हाताची.

दुसरं पार्दिनी एसपी. इटालियन, वयाने बरंच लहान, मालक पुण्यातलाच, नोकरीमुळे खेळ सुटलेला. मॅगझिन इथेही ट्रिगरच्या पुढेच, पण नळी हाताच्या अगदी लगत खाली, त्यामुळे झटका मनगटाला वर न फेकता सरळ मागे येतो. ट्रिगरची जीभ पुढेमागे सरकवता येते. वजन जीएसपीपेक्षा कमी. ग्रिप लहान मापाची, कारण मालकाचा हातही लहान. मॅगझिनं तीन, सुटे भाग शून्य, आणि किंमत जीएसपीपेक्षा बरीच वर. घरची ताकद चार लाखांची होती. पार्दिनीने ती जवळजवळ सगळी खाल्ली असती. जीएसपी घेतली असती तर वर्षभराच्या काडतुसांचे पैसे बाजूला राहिले असते.

फाइनवेर्कबाऊ एडब्ल्यू ९३ चाही विषय निघाला होता. हत्यार उत्तमच, पण विकणारा दूर आणि घाईत. घाईत असलेल्याकडून मी काही घेत नाही.

बाबांचा कल उघड जीएसपीकडे. जर्मन, स्वस्त, डबाभर सामान. खरं सांगायचं तर माझाही. पन्नास वर्षं जगभर वापरलेला आराखडा, बिघडला तरी कुठे बिघडेल ते आधीपासून ठाऊक. मुलीचं काही ठरत नव्हतं. तिला विचारलं की ती “तुम्ही म्हणाल ते, मॅडम” म्हणायची. या उत्तराची मला धास्ती वाटते, कारण लाइनवर ट्रिगर माझं बोट ओढणार नसतं.

टार्गेटवर काय दिसत होतं

दोघांतलं एक निवडण्याआधी मी तिची जुनी टार्गेटं काढली. रॅपिडमध्ये ती म्हणायची की पिस्तूल उसळतं म्हणून पुढचा शॉट जमत नाही. या म्हणण्यात अर्थ कमी होता. दोन शॉट्समध्ये सात सेकंद असतात, तेवढ्यात .२२ चा झटका कधीच विरलेला असतो. शिवाय चुकणारे शॉट्स वर जात नव्हते. ते खाली डावीकडे जात होते, सातत्याने, आणि प्रत्येक सीरिजचा पहिला शॉट सर्वांत जास्त. प्रिसिजनमध्ये हाच कल होता पण दबलेला, कारण तिथे पाच मिनिटांत ती मूठ पुन्हा पुन्हा सारखी करून घ्यायची.

उजव्या हाताच्या शूटरचा शॉट खाली डावीकडे जातो तेव्हा पहिला संशय बोटावर घ्यायचा. म्हणून तिला सामायिक पिस्तूल रिकामं करून धरायला सांगितलं आणि बाजूने बघितलं. ग्रिप इतकी भरलेली की तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पोचवायला तिला सगळा पंजा उजवीकडे फिरवावा लागत होता. तरी बोट ट्रिगरच्या मध्यावर न येता शेंड्याने टेकत होतं. असं बोट ट्रिगर सरळ मागे ओढत नाही, थोडं बाजूला ढकलतं. एअर पिस्तुलाच्या ५०० ग्रॅमच्या ट्रिगरवर हे खपून जातं. १००० ग्रॅमवर, तीन सेकंदांत, नाही खपत.

मग डोळे मिटून करायची चाचणी. ती इतकी साधी आहे की लोक ती करतच नाहीत. हत्यार रिकामं, सेफ्टी फ्लॅग लावलेला, तोंड टार्गेटकडे. डोळे मिट, हात उचल, जसा सहज येईल तसा थांबव, आता डोळे उघड. फ्रंट साइट खाचेच्या मध्यात दिसायला हवी. तिची दर वेळी डावीकडे चिकटलेली असायची. म्हणजे तीन सेकंदांतला पहिला सेकंद ती साइट मध्यावर आणण्यात घालवत होती, आणि उरलेल्या दोनमध्ये घाई.

सामायिक पिस्तुलाची ग्रिप कापता येत नव्हती, ती बाकी दोघींनाही लागणार. म्हणून एक जुनी पडीक ग्रिप मिळवली आणि त्यावर प्रयोग केला. अंगठ्याखालचा फुगवटा कानशीने उतरवला, बोटांच्या मागचा भाग पॉलिश पेपरने पातळ केला, आणि तळहाताच्या पोकळीत लाकडाचा भुसा आणि लांबी (पुट्टी) कालवून भर दिली. भर ओली असताना हात बसवायचा, वाळू द्यायचं, मग हाताला खडूची पूड लावून ग्रिप धरायची आणि पूड कुठे लागली ते बघायचं. जिथे पांढरं झालं नाही तिथे हात टेकत नाही. जिथे घासून चकचकीत झालं तिथे जास्त टेकतो. तिथलं तासायचं, पुन्हा धरायचं. काम किचकट आहे. तिच्या आईने घरातल्या भुश्याबद्दल जे बोलणं ऐकवलं ते मी तिच्याकडूनच ऐकलं.

त्या ग्रिपवर, त्याच जुन्या सामायिक पिस्तुलाने, तिचा रॅपिड २७० च्या घरात आला. रुपयाभराचं नवीन हत्यार न घेता दहा गुण. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग घ्यायचंच कशाला?” घ्यायचं यासाठी की ती ग्रिप दर वेळी काढून-लावून होत नाही, आणि तिघींत एक पिस्तूल असलं की स्पर्धेच्या आठवड्यात कोणाचा तरी सराव बुडतो. पण आता निवडीचा निकष हातात आला होता. तिची तर्जनी ट्रिगरवर सरळ पोचते का, आणि डोळे उघडल्यावर साइट कुठे दिसते. बाकी सगळं त्यानंतर.

चाचणीचा दिवस

दोन्ही मालकांना एकाच दिवशी रेंजवर बोलावलं. हत्यारं त्यांच्या परवान्यावरची, त्यामुळे सगळं त्यांच्या समोर, त्यांच्या देखरेखीखाली. काडतुसं मात्र आम्ही ठरवली: एसके स्टँडर्ड प्लस आणि एली स्पोर्ट, कारण तिला वर्षभर जे मिळण्याची शक्यता होती ते हेच. मालकाने आणलेल्या टेनेक्स काडतुसांवर पिस्तूल कसं चालतं याचं मला काही करायचं नव्हतं. सेमी-ऑटोमॅटिक हत्यार काडतुसाच्या जोरावर स्वतःला पुन्हा भरतं. स्प्रिंग एका जोराला जुळलेली असते, काडतूस त्याहून अशक्त निघालं तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी दारात अडकते. सर्वांत अचूक काडतूस आणि त्या पिस्तुलात न अडकणारं काडतूस ही दोन वेगळी निघू शकतात.

आधी ट्रिगर. नळी उभी धरून ट्रिगरला १००० ग्रॅमचं वजन अडकवलं. जीएसपीने पहिल्याच वेळी उचललं. पार्दिनी दोनदा सुटली. मालकाने कधीतरी ट्रिगर हलका करून ठेवला होता. स्क्रू फिरवून तो भरला. स्पर्धेत तीन प्रयत्न मिळतात, पण तिसऱ्यावर आशा ठेवून कोणी तपासणीच्या टेबलापाशी जाऊ नये.

मग आधारावर ठेवून पाच-पाच शॉट्सचे गट. दोन्ही पिस्तुलांचे गट दोन्ही काडतुसांवर २५ मिलिमीटरच्या आत आले, म्हणजे दहाच्या निम्म्या व्यासात. बाबांच्या नळीच्या प्रश्नाचं उत्तर हे. या दर्जाच्या पिस्तुलात नळीने फरक पडावा इतका अचूक हात होईपर्यंत खेळाडूला बरीच वर्षं असतात. नळी खराब नाही एवढी खात्री करायची आणि पुढे जायचं. जुनी नळी बघताना मात्र पुण्याचा जुलै-ऑगस्ट आठवावा. ओल्या हवेत न पुसता ठेवलेल्या हत्याराच्या चेंबरपाशी (काडतूस बसतं त्या जागेपाशी) गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि ते टॉर्च लावल्याशिवाय दिसत नाहीत. दोन्ही नळ्या स्वच्छ होत्या.

अडकणं. जीएसपी सबंध दिवसात एकदाही अडकली नाही. पार्दिनी अडकली, आणि पुन्हा अडकली. दोन्ही मालक आणि बाबा तिघेही एकाच वेळी माझ्याकडे बघू लागले. पण अडकण्यात एक सूत्र होतं: फक्त तिसऱ्या मॅगझिनमध्ये आणि फक्त शेवटच्या दोन गोळ्यांना. मॅगझिनचे ओठ थोडे उघडले होते. ते बाजूला ठेवल्यावर उरलेल्या दोन मॅगझिनांवर तक्रार आली ती एकदाच, पुंगळी दारात उभी राहिली. एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाची, नखी बोटाने चाचपली तर धार बोथट लागली. मॅगझिन आणि एक्स्ट्रॅक्टर, दोन्ही बदलण्याचे भाग. नियमांत अडकल्याची सवलत आहे, पण हात वर करून अधिकाऱ्याला बोलवायच्या आधी शूटरने बोल्टला हात लावला की सवलत जाते. आणि सवलत मिळाली तरी लाइनवर उभं राहून जो घाम फुटतो त्याला नियम काही देत नाही. टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरी चालू असताना बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि थोडक्यात अंतिम फेरी हुकली. ते पिस्तूल जगातल्या उत्तम कारखान्यातलं होतं. त्यामुळे मी अडकणं हलकं घेत नाही, पण अडकण्याचं कारण सापडलं असेल तर त्याला घाबरतही नाही.

शेवटी रॅपिड, तिच्या हातात, पूर्ण तीस शॉट्स, दोन्हीवर, मध्ये भरपूर विश्रांती देऊन. जीएसपीला आमची प्रयोगाची ग्रिप बसत नव्हती, म्हणून मूळ मोठी ग्रिप कापडी टेप गुंडाळून जमेल तशी केली. हे जीएसपीवर अन्यायाचं होतं आणि मी ते मालकांना तसं बोलूनही दाखवलं. पहिल्या चार सीरिज दोन्हींवर जवळपास सारख्या. पाचवीपासून जीएसपीचे शॉट्स सहाच्या दिशेने, म्हणजे तळाकडे उतरू लागले. बोटामुळे जातात तसे डावीकडे नव्हते, सरळ खाली. हात दमला होता. पुढे झुकलेलं वजन होल्डला (नेमावर धरलेल्या हाताला) स्थिर ठेवतं, प्रिसिजनमध्ये तिला ते आवडलंही. पण साधारण एक किलोच्या एअर पिस्तुलाची सवय असलेल्या खांद्याला ते तीस वेळा खालून उचलणं जड गेलं. पार्दिनीवर सहावी सीरिज पहिलीसारखीच आली.

डोळे मिटून करायच्या चाचणीत पार्दिनीची साइट मध्यात. तिने हात खाली केला, पुन्हा उचलला, पुन्हा मध्यात. मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, “मॅडम, मला हे पाहिजे.” आठवडेच्या आठवडे “तुम्ही म्हणाल ते” ऐकल्यावर हे ऐकून बरं वाटलं.

कोणाचं चुकत होतं

बाबा मानायला तयार नव्हते. त्यांचा मुद्दा असा: खांदा व्यायामाने सुधारेल, ग्रिप लहान करता येईल, आणि उरलेल्या पैशांत काडतुसं येतील. न अडकणारं जर्मन हत्यार सोडून अडकणारं इटालियन जास्त पैसे मोजून का घ्यायचं? मला यात खोट दिसत नाही. मी तिच्या जागी असते तर जीएसपी घेतली असती आणि वर्षभर डंबेल उचलले असते.

पण मी तिच्या जागी नव्हते. खांदा सुधारायला हंगाम जातो, आणि तोवर दमलेल्या हाताने मारलेला प्रत्येक शॉट चुकीची सवय पक्की करतो. तिची खाली डावीकडची सवय मोडायलाच बराच काळ गेला होता. काडतुसांच्या बाबतीत मी बाबांच्या बाजूची होते, म्हणून मधला मार्ग निघाला. पार्दिनी घ्यायची, मालकाने एक्स्ट्रॅक्टर आणि एक नवं मॅगझिन बसवून द्यायचं आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करायची. काडतुसं कमी पडतील ती ड्राय, म्हणजे गोळीशिवायच्या, सरावाने भरून काढायची. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या कडेवर ठोका बसणाऱ्या काडतुसाच्या हत्यारात, रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन आपटत राहिली तर चेंबरच्या कडेला खाच पडते, त्यामुळे चेंबरमध्ये प्लास्टिकचा प्लग घालूनच ड्राय करायचं. हे तिच्या हातून दहा वेळा लिहून घ्यावं असं मला वाटलं होतं, पण तिने पहिल्याच दिवशी प्लगला लाल दोरा बांधला.

जीएसपीच्या मालकांना नकार कळवणं अवघड गेलं. त्यांनी हसून सांगितलं की हत्यार विकलं नाही ते बरंच झालं.

त्यानंतर

परवाना, ४५ दिवस, नोंद, हे सगळं होऊन पिस्तूल हातात आलं तेव्हा थंडी सुरू झाली होती. पहिल्या महिन्यात स्कोअर खाली गेला. जातोच, बाबांना आधीच बजावून ठेवलं होतं. ग्रिप लहान मापाची असली तरी तिच्यासाठी बनलेली नव्हती, तळहाताखालची फळी वर घ्यावी लागली आणि अंगठ्याची जागा कानशीने उतरवावी लागली. नवा एक्स्ट्रॅक्टर बसल्यापासून एसकेवर अडकणं बंद आहे. एलीच्या एका लॉटवर दोनदा पुंगळी उभी राहिली, तो लॉट आता ती फक्त प्रिसिजनच्या सरावाला वापरते.

उन्हाळ्यापर्यंत प्रिसिजन २८० च्या वर, रॅपिड २७६ ते २७९. एकूण ५५५ च्या पुढे. राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकल्यापासून महाराष्ट्रात २५ मीटरकडे वळणाऱ्या मुली वाढल्या आहेत, त्यामुळे या स्कोअरवर कोणी हार घालत नाही. पण मावळणकर स्पर्धेतून राष्ट्रीयला जाण्याचं गणित आता तिला कागदावर मांडता येतं.

सीरिजचा पहिला शॉट अजून तिचा सर्वांत वाईट शॉट आहे. तो आता खाली डावीकडे न जाता कुठेही जातो, याचा अर्थ तिथे मुठीचा दोष उरलेला नाही. टार्गेट फिरण्याआधीच ती मनात ट्रिगर ओढायला लागते. बाबांनी मागच्या आठवड्यात विचारलं की यासाठी हलका काउंटरवेट (तोल साधायचं वजन) लावून बघायचा का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, जीएसपी अजून विकलेली नाही, चौकशी केली आहे.